सव्विसावा अंक

बेळगुंदीच्या भरमूने खडक फोडून भाताची खाचरं केली. भरमूच्या महादेवाने ती राखली. महादेवाच्या परशरामाने वरच्या माळाला रताळी लावून घरावर कौलं चढवली. त्या परशरामाची एकुलती एक मुलगी नागुबाई. भाऊ नव्हता म्हणून त्या सासरी गेल्या नाहीत. नवरा घरजावई होऊन या घरात आला, आला तसाच निमूटपणे एक दिवस जगातून गेला, आणि घर नागुबाईंचं होतं ते नागुबाईंचंच राहिलं.

त्या घराला गावाने दिलेलं एक नाव होतं. बोडक्यांचं घर. शाळेत जाताना पोरी मागून ओरडत, "बोडक्यांची नागी गं, बोडक्यांची नागी!" नागी मागे वळून पाहत नसे. कोण ओरडली तेवढं मात्र लक्षात ठेवत असे.

हे नाव पडलं देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. परशराम तेव्हा विशीतला, आणि उचगावच्या गुंडूची मुलगी त्याला ठरलेली. त्या काळी या भागात मांडवदारी हुमाण घालायची रीत होती. हुमाण म्हणजे कोडं. वधूपित्याने, नाहीतर वधूच्या घरच्या कर्त्या माणसाने, समईवर हात ठेवून 'उत्तर माझ्यापाशी आहे' असं सांगायचं आणि वऱ्हाडाला कोडं घालायचं. सुटलं तर वाजतगाजत आत. न सुटलं तर वराकडच्या कर्त्या पुरुषाने डोईचा पटका उतरवून कोडं घालणाऱ्याच्या हाती द्यायचा, आणि हरलेल्यांना मुलगी द्यायची की नाही हे त्याच्याच मर्जीवर. पण ही सारी थट्टा असे. पटका घटकाभर मिरवून परत त्याच डोक्यावर जाई, बायका तोंडाला पदर लावून हसत आणि पंगती बसत.

गुंडूने मांडवाच्या दारात चार खळगे काढले आणि महादेवाच्या ओंजळीत मक्याचे पंचवीस दाणे मोजून घातले. "ह्यो पंचवीस बैलांचा कळप. हे चार गोठे. गोठा एकबी रिकामा ठेवायचा न्हाय, आन् कुठल्याबी गोठ्यात बैलांची जोडी जुळता कामा नये, एक बैल एकटा उरलाच पायजे. बांध."

महादेव बसला. सात, सात, सात, चार. चारात जोड्या जुळल्या. नऊ, नऊ, पाच, दोन. पुन्हा जुळल्या. परशरामाने करून पाहिलं, पाठोपाठ साऱ्या वऱ्हाडाने करून पाहिलं. मुहूर्त टळला, ऊन उतरलं. शेवटी महादेवाने दाणे झटकले आणि तो म्हणाला, "हे व्हत न्हाय."

गुंडू म्हणाला, "हुमाणाला उत्तर न्हाय म्हणणारा हारला. पटका उतरीव."

महादेवाने हसत उतरवला, कारण तो परत मिळणार होता. तो परत मिळाला नाही. निपाणीकडच्या एका तंबाखूवाल्याचं स्थळ गुंडूच्या मुलीला मधल्या काळात चालून आलं होतं आणि दिला शब्द मोडायला गुंडूला एखादं सभ्य निमित्त हवं होतं. वऱ्हाड उपाशी परतलं. महादेव उघड्या डोक्याने उचगावच्या भर पेठेतून चालत आला. त्याचा पटका गुंडूच्या गोठ्यात खुंटीला टांगला गेला. पुढच्या पावसाळ्यात महादेव वारला. परशरामाचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, पण मरेपर्यंत त्याने डोक्याला काही बांधलं नाही.

नागी सातवीत असताना एका दुपारी ओसरीवर चिंचोके मांडून बसली होती. विषमात विषम मिळवला की सम होतो. दोन विषमांचा एक सम, दुसऱ्या दोन विषमांचा दुसरा सम, आणि सम अधिक सम पुन्हा सम. चार विषम मिळून पंचवीस या जगात कधी होणार नव्हते. तिने चिंचोके गोळा केले. आजोबांनी उत्तर बरोबर दिलं होतं. 'होत नाही' हेच उत्तर होतं, आणि समईवर हात ठेवताना गुंडूला ते ठाऊक होतं. तो खोटं बोलला नव्हता. खरं उत्तर ऐकून त्याने ते खोटं ठरवलं होतं.

हे तिने बापाला सांगितलं नाही. सांगून त्याचा पटका परत येणार नव्हता.

पुढे नागुबाई निपाणीच्या शाळेत गणिताच्या शिक्षिका झाल्या. चौतीस वर्षं त्यांनी शिकवलं आणि चौतीस वर्षं मुलं त्यांच्या सावलीलाही भ्यायली. चुकलेलं गणित त्या पुसून टाकू देत नसत. फळ्यावर तसंच ठेवून चुकवणाऱ्याला त्याच्याशेजारी तासभर उभं करत. एकदा धारवाडच्या एका प्रशिक्षणात कुणी प्राध्यापकाने त्यांना एक संख्या दाखवली. पंचवीस अंकी. नागुबाईंनी ती एकदा वाचली आणि ती त्यांच्या जिभेवर बसली ती कायमची.

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५.

हिची मौज अशी. पहिले दोन अंक घ्या, छत्तीस. दोनाने भाग जातो. पहिले तीन घ्या, तीनशे साठ, तिनाने जातो. चार घ्या, चाराने. पाच घ्या, पाचाने. छत्तीस लाख आठ हजार पाचशे अठ्ठावीस, सात अंक. साताने जातो, बाकी शून्य. जितके अंक घ्याल तितक्याने ती रांग निःशेष भागली जाते, थेट पंचविसापर्यंत. अशा रांगा वीस हजारांवर आहेत. कुठली आठव्या अंकावर अडते, कुठली पंधराव्या. पंचविसावी पायरी गाठणारी रांग साऱ्या संख्यांत ही एकच. आणि पंचविसाच्या पुढे कोणतीच नाही.

पंचवीस हा आकडा ऐकून नागुबाईंना मक्याचे दाणे आठवले. प्राध्यापक बोलत राहिले. नागुबाईंनी पुढचं ऐकलं नाही.

नात झाली तेव्हा त्यांनी ती संख्या अंगाईसारखी म्हणायला घेतली. नात सौम्या, मुलाची, भैरूची, एकुलती एक. लहानपणी ती आजीच्या मांडीवर बसून बोटं मोजत एकेक भागाकार करी. एकदा तिने विचारलं, "आजी, पंचविसाच्या पुढं काय?"

"ते तुझ्या लग्नात सांगीन."

"लग्नात? गणित?"

"लग्नात," नागुबाई म्हणाल्या.

सौम्या बेळगावात एका कॉलेजात शिकवू लागली. तिथेच तिला आदर्श भेटला, गणिताचाच. दोघं सव्वादोन वर्षं एका टेबलावर डबा खात होती. तिने घरी नाव सांगितलं तेव्हा भैरूच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा उचगावचा होता. गुंडूचा पणतू, भावकूचा नातू. भावकू म्हणजे गुंडूचा धाकटा मुलगा, आता पंच्याऐंशीच्या घरात, त्या घराचा कर्ता.

भैरूला वाटलं आई घर डोक्यावर घेईल. नागुबाईंनी चष्मा पुसला. "मुलगा गणितात कसा आहे?"

"आजी, माझ्याहून चांगला," सौम्या म्हणाली.

"मग होऊ दे लग्न. कार्यालय नको. मांडव आपल्या दारात. आणि रीत जुनी."

सुपारी फोडायला भावकू आला तेव्हा रीतीचं ऐकून त्याने मांडीवर थाप मारली. "घाला की हुमाण, आक्का! किती वर्सांत कुनी घातलं न्हाय. आमचा आदर्श अंकांतच वाढलाय. तुमीच अडचणीत याल."

"पूर्ण रीत, आप्पा. पटक्यासकट. मर्जीसकट."

भावकूचं हसू थोडं अडखळलं. त्याने नागुबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे शिक्षिकेच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच काही होतं. "व्हय, व्हय," तो म्हणाला. "जुनी गोष्ट हाय ती. तुमी मनात धरली नसंल."

"गणितात मनाचं काय काम?" असं म्हणून नागुबाईंनी त्याच्यापुढे चहा सरकवला.

लग्नाच्या दिवशी पहाटे त्यांनी सौम्याला उठवलं आणि मांडवाच्या दारात तिच्याच हाताने रांगोळीने ती संख्या काढून घेतली. पंचवीस अंक, एका ओळीत, वेलबुट्टीसकट. सौम्या आनंदात होती. आजीने लहानपणीचा लाड लग्नात आणला, असं तिने आईला सांगितलं. शेवटच्या पाचापुढे वीतभर जागा कोरी ठेवायला आजीने सांगितलं, तिने ठेवली.

स्वयंपाकाची चूल मात्र मांडवामागे दिसत नव्हती. आचाऱ्याला लांबच्या खळ्यावर जागा दिली आहे, जेवण टेंपोने येईल, असं नागुबाईंनी सुनेला सांगितलं होतं. त्या घरात नागुबाईंनी सांगितलेलं कुणी तपासून पाहत नसे.

उचगावचं वऱ्हाड आलं. बँड थांबला. भावकूच्या डोक्याला नवा कोरा पांढरा पटका होता, आणि मागे आदर्श, मुंडावळ्या बांधलेला, रांगोळीकडे पाहून थबकलेला.

नागुबाईंनी समईवर तळहात ठेवला. "उत्तर माझ्यापाशी आहे," त्या म्हणाल्या, फळ्यासमोर बोलत तशा आवाजात. "हे पंचवीस अंक. पहिले जितके घ्याल तितक्याने भाग जातो. सव्विसावा अंक घाला, असा की सव्विसाने भाग जाईल. मोबाईल बाजूला."

वऱ्हाडातली पोरं हसली. "आज्जी, एक अंकच की! न्हाय तर न्हाय, धाच पर्याय हाईत," एक जण म्हणाला. "आदर्शा, टाक सात, लग्नाला उशीर व्हतोय!"

आदर्श गुडघ्यावर बसला. रांगोळीच्या कडेला त्याने बोटाने भागाकार मांडला. पंचवीस अंकांचा भागाकार, पण त्याला घाम आला नाही. त्याला खरंच मजा वाटत होती. दारातून सौम्या पाहत होती आणि तिचेही ओठ हलत होते. दोघं जवळजवळ एकदमच थांबली. तिचा चेहरा आधी उतरला, कारण आजीला ती ओळखत होती.

आदर्श उठला. "आजी, कोऱ्या जागी शून्य ठेवला तर बाकी उरते बारा. सव्वीस पुरे व्हायला चौदा पाहिजेत. चौदा हा अंकच नाही, अंक नऊपर्यंत. एक घातला तर तेराने भाग जातो, पण मग संख्या विषम होते आणि सव्वीस हातचा जातो." तो हसला. "कुठलाच अंक बसत नाही. ही रांग इथं संपते. हेच उत्तर."

मांडवात टाळ्या पडल्या. भावकूने नातवाच्या पाठीवर हात ठेवला.

"शाब्बास," नागुबाई म्हणाल्या. "शंभरपैकी शंभर." त्या भावकूकडे वळल्या. "आप्पा, तुमचा नातू म्हणतो की हे होत नाही, हेच उत्तर. हे तुमच्या घराचं उत्तर म्हणून धरू?"

भावकूचा हात नातवाच्या पाठीवर तसाच राहिला. त्याला कळलं होतं. नऊ वर्षांचा असताना त्याने तो मक्याचा एक दाणा खळग्यातून बाहेर उडालेला पाहिला होता आणि उचलून बापाला दिला होता.

"आजी, मी समजलो नाही," आदर्श म्हणाला.

"समजशील. तुझ्या पणजोबांनी माझ्या आजोबांना याच रीतीने हुमाण घातलं होतं. पंचवीस बैल, चार गोठे, प्रत्येकात विषम. आजोबांनी तुझंच उत्तर दिलं. हे होत नाही. तुझे पणजोबा काय म्हणाले ते तुझ्या आजोबांना विचार."

बँडवाल्यांतला एक जण तुतारी काखेत धरून मान उंचावून पाहत होता.

"आप्पा, सांगा की. तुम्ही तिथं होता."

भावकू खाली पाहून म्हणाला, "हुमाणाला उत्तर न्हाय म्हणणारा हारला."

"हं. आता निवडा," नागुबाई म्हणाल्या. "तो नियम खरा असेल, तर तुमचा नातू आत्ता माझ्या दारात हरला, पटका उतरवा. नातवाचं उत्तर खरं असेल, तर माझे आजोबाही जिंकले होते. मग तुमच्या बापाने जिंकलेल्या माणसाचा पटका लुबाडला आणि त्याचं वऱ्हाड हाकललं. तरीही पटका उतरवा. तिसरा मार्ग काढलात तर सव्विसावा अंकही काढाल."

आदर्श गणिताचा होता. त्याला दिसलं की वाट नाही.

"आजी," सौम्या दारातून म्हणाली, "आजी, पुरे."

भैरू पुढे आला. "आई, लोक जमल्यात. झालं ते झालं, आता पुरं कर."

"तू मागे हो," नागुबाई म्हणाल्या, आणि पन्नाशीचा भैरू मागे झाला.

भावकूने दोन्ही हातांनी पटका उचलला. पटक्याखाली त्याचं कपाळ रेघ ओढल्यासारखं अर्धं काळं, अर्धं पांढरं होतं. तुरळक केस वाऱ्याने उभे राहिले. उचगावच्या बायकांनी नजरा फिरवल्या. त्याने पटका नागुबाईंच्या हातात ठेवला. "घ्या, आक्का. माझ्या बाचं चुकलंच हुतं. सगळ्यांदेखत म्हंतो. आता पोरांना आशीर्वाद द्या."

"माझ्या आजोबांचा पटका कुठं आहे?"

"कुठला ऱ्हातोय आता? गेला कवाच."

"कशात गेला?"

भावकू गप्प राहिला.

"विचारलं ते सांगा. माझ्या वर्गात गप्प राहिलेलं मला चालत नसे."

"नवी जलमलेली वासरं पुसायला घ्यायचे," भावकू म्हणाला.

नागुबाईंनी हातातल्या पटक्याची घडी घातली, कडेला कड जुळवून. "आणखी एक राहिलं. हरलेल्यांना मुलगी द्यायची की नाही, ही मर्जी घरच्या कर्त्याची. ही अट तुम्ही सुपारीला हसत मान्य केलीत. त्या दिवशी वऱ्हाड परत गेलं होतं."

आता कुठे भावकूने हात जोडले. "आक्का, असं नगा करू. माझी भन, जी तुमच्या घरात यायची हुती, ती त्या तंबाखूच्या घरात जलमभर रडली. मी डोळ्यांनी बघितलंय. नातीचं तसं करू नगा."

"मग सौम्याही रडेल," नागुबाई म्हणाल्या. "एका बाजूला रडणं असलं की दुसऱ्या बाजूलाही लागतं. नाहीतर बाकी उरते."

"जेवून तरी जाऊ दे त्यांना," सून मागून पुटपुटली. "टेंपो एवढ्यात…"

"टेंपो येणार नाही. मी आचाऱ्याला सांगितलंच नव्हतं. तेही वऱ्हाड उपाशी गेलं होतं."

मांडवभर एक आवाज उठला आणि बसला. सुनेने दाराची चौकट धरली. दोन महिन्यांपूर्वी, सुपारीच्या चहाच्या कपापाशी, हे सारं ठरलेलं होतं, हे त्या क्षणी साऱ्यांना एकदम कळलं. आणि नागुबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा होतं तेवढंच काही आताही होतं.

सौम्या शालूचा घोळ उचलून पायऱ्या उतरली. रांगोळीवरून चालत गेली, आठांवरून, शून्यांवरून, आणि आदर्शसमोर उभी राहिली. "मी येते तुझ्याबरोबर. आत्ता. सही करू कचेरीत."

नागुबाईंनी तिला अडवलं नाही. त्या आदर्शकडे पाहत होत्या. पोरगा चांगला आहे, आजोबांच्या मांडीवर वाढला आहे, हे त्यांनी आधीच चौकशी करून घेतलं होतं.

आदर्शने सौम्याकडे पाहिलं. मग भावकूच्या उघड्या कपाळाकडे पाहिलं. त्याने स्वतःच्या मुंडावळ्या सोडल्या, उपरणं काढून म्हाताऱ्याच्या डोक्यावर टाकलं. भावकूने ते काढून परत त्याच्या हातात दिलं. रीत त्याला माहीत होती.

"सौम्या," आदर्श म्हणाला, "तुला घरी नेईन. पण रोज सकाळी आजोबा तुझ्याकडं बघतील तेव्हा त्यांना हे दार दिसंल. मला न्हाय जमणार."

"आदर्श, माझं काय चुकलं?"

"काहीच न्हाय," तो म्हणाला. "म्हणूनच तर."

त्याने आजोबांचा दंड धरला. वऱ्हाड वळलं. बँडवाल्यांना वाजवायचं की नाही हे कळेना; ते वाद्यं खांद्यावर टाकून मागून निघाले. भावकू पेठेतून उघड्या डोक्याने चालत गेला. गाड्या वेशीबाहेर उभ्या होत्या, तिथपर्यंत दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवर माणसं उभी राहून पाहत होती. उपाशी पोरं आयांच्या कडेवर रडत होती.

सौम्या पुसलेल्या रांगोळीत उभी होती. तिने एकेक करून हिरवा चुडा उतरवला आणि पाचापुढच्या कोऱ्या जागी ठेवला. "आजी, लग्नात सांगणार होतीस ना, पंचविसाच्या पुढं काय? कळलं. तू, बाबा, मी. माझ्यापुढं या घरात कुणी येणार न्हाय. ही रांगबी संपली."

"उत्तर बरोबर आहे," नागुबाई म्हणाल्या. मग पटका काखेत घेऊन मागच्या अंगणाकडे चालू लागल्या.

गोठ्यात आता एकच म्हैस होती. भिंतीत परशरामाच्या वेळची बाभळीची खुंटी होती. कित्येक वर्षं तिला काही टांगलं नव्हतं. नागुबाईंनी टाचा उचलल्या आणि भावकूचा पटका तिच्यावर अडकवला. दोनदा सरळ केला. पांढरा सोगा शेणाच्या जमिनीपर्यंत खाली आला. म्हशीने मान वळवून तो हुंगला.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "बाकी शून्य."